सोनकीच्या चुलीची राख

एका राज्यात, जिथे राज्य संपतं तिथे, नदीच्या काठावर एक शेवटचं घर होतं, आणि त्या घरात येसाक्का राहत होती. राज्याला सात वेशी होत्या, प्रत्येक वेशीवर बुरूज होता, बुरुजावर पहारा होता. पण राज्यात काय चाललंय ते पहारेकऱ्यांना कळायच्या आधी येसाक्काला कळत असे. ती अंगणात उभी राहून नुसत्या धुरावरून घरं वाचायची. पातळ निळा धूर म्हणजे भाकरी, पांढरा म्हणजे ओली लाकडं, आणि काळाकुट्ट म्हणजे बायको माहेरी गेलीय नि नवरा चूल फुंकतोय. लोक म्हणत, आक्काला नको तिथे नाक खुपसायची खोड आहे. आक्का म्हणे, नाक देवानं पुढे दिलंय, मागे नाही.

एके सकाळी तिनं नदीच्या वाळवंटाकडे पाहिलं, तर तिथे माणसंच माणसं. बाया, बापे, म्हातारेकोतारे, लेकरं, शेळ्या. काठ्यांवर लुगडी बांधून आडोसे केलेले. उन्हं वर आली, गुरं चरायला गेली, तरी त्या एवढ्या माणसांतून धुराची एक रेघ वर गेली नाही.

"हे काही बरं नाही," येसाक्का म्हणाली. "इतकी माणसं नि एक चूल नाही?"

तिनं पदर खोचला आणि निघाली.

ती माणसं डोंगरापलीकडच्या मुलखातली होती. तिथे धूमकेश नावाच्या मांत्रिकानं ठाण मांडलं होतं. तो कमरेपर्यंत माणूस आणि कमरेखाली धूर. त्यानं घराघरातला विस्तव फुंकर मारून ओढून घेतला, शेतं थिजवली, ओढे गोठवले. माणसं जीव घेऊन पळाली, तेव्हा पाठीमागून त्यानं शाप सोडला: "जिथे जाल तिथे दानाचा विस्तव तुमच्या चुलीत जगणार नाही."

राज्याचा राजा मणिकेतू काही दुष्ट नव्हता. त्यानं वाळवंटात कोरड्या हरभऱ्याची पोती पाठवली होती आणि दवंडीही पिटवली होती की महाराजांनी दान केलं. लोक पोती लांबूनच टाकून आले. पण विस्तव नसेल तर कोरडे हरभरे चावायचे कसे? लेकरांनी चावून पाहिले आणि थुंकले.

येसाक्का आडोशा-आडोशातून डोकावत गेली. एका लुगड्याआड सोनकी नावाची बाळंतीण झोपली होती. बाळ कुशीत, भर उन्हाळ्यातही शापाच्या गारठ्यानं ओठ निळे, अंगावर काटा. आदल्याच पहाटे, नदी ओलांडल्यावर ती ह्या काठावर बाळंत झाली होती. ना शेक, ना शेगडी, ना ओव्याची धुरी. सासू पायाशी बसून बाळंतिणीचे तळवे चोळत होती.

"काय गं बाई ही दशा," येसाक्का म्हणाली. पण नुसतं हळहळत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं पाहिलं, भांडी वाटेतल्या चिखलानं माखून पडलीत. शेजारी एक गाडगं होतं, त्यात चाळून घ्यावी तशी मऊ, करडी राख. सासूचा डोळा लागला तेवढ्यात आक्कानं ती राख घेतली, नदीवर जाऊन सगळी भांडी लखलखीत घासली आणि गाडगंसुद्धा धुऊन पालथं घातलं. उरलेली राख पदरात बांधून घरी नेली. अशी राख नदीकाठी मिळत नाही. चुलीतला विस्तव झाकून ठेवायला फार चांगली. तिनं ती आपल्या चुलीत पसरली, निखारे तिच्यात पुरले, आणि स्वतःवर खूश झाली.

आक्का परत आली तेवढ्यात सोनकी जागी झाली. तिनं आधी पालथं गाडगं पाहिलं, मग चकचकीत भांडी पाहिली. काही बोलली नाही. बाळाला घेऊन तिनं नदीकडे तोंड फिरवलं. येसाक्काला वाटलं, बाळंतीण आहे, दमलीय.

मग आक्का घरून खापरीत विस्तव घेऊन आली. सोनकीच्या पुढ्यात तीन दगड मांडले, काटक्या रचल्या, निखारा ठेवला. निखाऱ्यानं एकदा डोळा उघडला आणि मिटला. दुसरा आणला, तोही मिटला. तिसरा तर वाटेतच काळा पडला.

जवळच्या दगडावर एक टिटवी बसली होती. लोक तिला अपशकुनी म्हणून दगड मारत, पण येसाक्काचं नि तिचं बोलणं होतं. दोघींना सगळीकडचं कळायचं ना.

टिटवी म्हणाली, "दानाचा विस्तव जगणार नाही, असा शाप आहे. किती आणशील?"

"तुझ्यावरूनच म्हण आहे ना गं, टिटवी देखील समुद्र आटवते?"

"आहे."

"मग मला कसलं विचारतेस, किती आणशील म्हणून," येसाक्का म्हणाली आणि तशीच चिमटा हातात घेऊन राजवाड्यावर गेली.

भर उन्हाळा, आणि राजा मणिकेतू सिंहासनावर दोन शाली पांघरून कुडकुडत होता. त्याच्या खजिन्यात एक तांब्याचा हंडा होता, काठोकाठ माणकांनी भरलेला. धूमकेशानं तो भेट धाडला होता आणि निरोप दिला होता: माझी माणसं मला परत पाठव, माणकं तुझी. हंडा आल्यापासून राजाला ऊब म्हणून ठाऊक नव्हती. वैद्य म्हणत, वात आहे.

राजा म्हणाला, "बाई, काय मागणं आहे?"

"मागणं नाही, महाराज. वाळवंटातली माणसं इथेच राहतायत, एवढं सांगायला आले."

"ती परक्या मुलखातली आहेत. धूमकेश स्वतः येऊन त्यांना घेऊन जाणार आहे. वैर मला परवडणार नाही."

"ती काय गुरं आहेत, येऊन हाकून न्यायला?"

नाकेदार धोंडाजी, जो नदीचा उतार राखत असे, तो खोकला. राजानं शाल घट्ट केली.

"बाई, राज्याचा जुना कायदा तुला ठाऊक असेल. पाणी, माती आणि विस्तव ज्याला आपलं म्हणतात, त्याला राजासुद्धा उठवू शकत नाही. त्या तिघांची साक्ष आण. त्या बाळाच्या बारशाच्या दिवशी दरबार भरेल. साक्ष नसेल, तर नदीपार."

कायदा जुना होता, पण साक्ष आणायला आजवर कोणी गेलं नव्हतं. राजानं तो म्हणूनच सांगितला.

येसाक्का पहिल्यांदा पाण्याकडे गेली. साक्षीचं पाणी डोहाच्या मधलं लागतं, आणि डोहात म्हातारी सुसर राहते. सुसरीनं जबडा वर काढला.

"कोण आहेस?"

"शेवटच्या घरची येसा. सुसरबाई, तुझी पाठ मऊ आहे असं म्हणायला मी आलेली नाही. चांगली खडबडीत आहे. वाळवंटातल्या माणसांच्या साक्षीसाठी घागरभर पाणी हवंय."

"ती माणसं तुझी कोण लागतात?"

"कोणी नाही."

"मग तुला काय करायचंय?"

"मला दिसली ती. न दिसल्यासारखं करायला मला येत नाही. आता तुझंच बघ. दोन दिवस झाले, तू डाव्या बाजूनं चावत नाहीस. दाढेत हाड अडकलंय."

सुसरीनं जबडा उघडला. येसाक्कानं खांद्यापर्यंत हात आत घातला आणि चिमट्यानं हाड उपटून काढलं. सुसरीनं डोळे मिटले, उघडले आणि बाजूला झाली. आक्कानं घागर भरली.

दुसरी साक्ष मातीची. सोनकीच्या सासूनं बाळाची नाळ काठावरच्या उंबराखाली पुरली होती. तिथलं ढेकूळ दरबारात न्यायचं होतं. येसाक्कानं उचलून पाहिलं, हलेना. ही धडपड पाहून धोंडाजी आला. म्हणाला, "ढेकळाशी कुस्ती चाललीय का, आक्का?" त्यानं बाह्या सरसावल्या, दोन शिपाई लावले, मग बैलांची जोडी लावली. कासरा तुटला, ढेकूळ होतं तिथेच.

तेव्हा सोनकी बाळाला सासूजवळ देऊन उठली. चार पावलांत तिला दोनदा बसावं लागलं. ती उंबराखाली आली, वाकली, आणि शेणगोळा उचलावा तसं एका हातानं ढेकूळ उचललं.

धोंडाजी म्हणाला, "हे कसं काय?"

"ओळखतं ते मला," सोनकी म्हणाली. येसाक्कासमोर ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली होती.

राहिला विस्तव. येसाक्कानं देवळाच्या नंदादीपावरून वात पेटवून आणली, विझली. लोहाराच्या भट्टीतला लालबुंद निखारा आणला, विझला. सुताराच्या घरून, तेल्याच्या घरून, कुंभाराच्या आव्यातून, जो देईल त्याच्याकडून आणला. सगळे विझले. राजाच्या कानावर गेलं की आक्का गावभर विस्तव मागत फिरतेय आणि लोक देतायत, तसा त्यानं हुकूम काढला: वाळवंटात विस्तव नेणाऱ्याची चूल मोडावी.

धोंडाजी पाण्याच्या दोन घागरी घेऊन शेवटच्या घरी आला. मान खाली घालून म्हणाला, "आक्का, मला हे करावं लागतंय. हुकूम आहे."

"कर की. तुझ्या आईच्या बाळंतपणात ह्याच चुलीवर पाणी तापलं होतं, तेवढं आठवून कर."

धोंडाजीनं डोळे मिटून दोन्ही घागरी चुलीत ओतल्या. फसफस झाली, वाफ उठली, चुलीचा एक कान ढासळला. तो निघून गेला. येसाक्का थंड चुलीपुढे बसली. जन्मात पहिल्यांदा तिच्या घरातून धूर निघत नव्हता, आणि ते बघायला तिच्यासारखी शेजारीण कोणी नव्हती. बाळाचं बारसं दुसऱ्या दिवशी होतं. दुपारी तिनं बाळाला पाहिलं होतं. रडण्याइतकीही धग त्याच्यात उरली नव्हती.

दिवस उजाडला तेव्हा तिनं सवयीनं चिमटा चुलीत घातला. वरची राख चिखल झाली होती. तिच्याखाली ती मऊ, करडी राख कोरडी होती. आणि त्या राखेत एक निखारा, डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल, शांतपणे जागा होता.

येसाक्का बघतच राहिली. "दोन घागरी ओतल्या की रे त्यानं."

टिटवी उंबऱ्यात येऊन बसली होती. "तुझा विस्तव विझला, येसाक्के. हा तुझा नाही. ती राख कोणाची आहे?"

"सोनकीची. भांडी घासून उरली होती ती."

टिटवी म्हणाली, "डोंगरातली बाई घर सोडते तेव्हा सोनं नेत नाही. चुलीतली राख नेते. आजेसासूच्या आजेसासूपासून एकाच चुलीत साठलेली. जिथे ती राख पसरेल तिथे तिचं घर. त्या वाळवंटात प्रत्येकीजवळ एकेक गाडगं आहे. सोनकीचंच तेवढं रिकामं आहे."

येसाक्काच्या हातातला चिमटा खाली पडला. ती बाळंतीण का बोलत नव्हती, ते तिला आता कळलं. सगळ्या गावाचा धूर वाचणाऱ्या बाईला समोरच्या गाडग्यातली राख वाचता आली नव्हती. ती खाली बसली आणि तिनं दोन्ही हातांनी, एक कण न सांडता, ती राख निखाऱ्यासकट खापरीत भरली.

दरबार भरला होता. वाळवंटातली सगळी माणसं अंगणात उभी होती, प्रत्येक बाईच्या कडेवर एक लेकरू नाहीतर एक गाडगं. सिंहासनाशेजारी धूमकेश तरंगत होता. त्याच्या सावलीत तांब्यातलं पाणी गोठत होतं.

राजा म्हणाला, "साक्षीदार आण."

येसाक्कानं घागर पुढे ठेवली. पाणी बोललं, "ही माणसं माझ्यात उतरली तेव्हा त्यांनी आधी हात जोडले, मग पाय घातले. ती माझी आहेत."

सोनकीनं ढेकूळ पुढे ठेवलं. माती बोलली, "माझ्या पोटात नाळ आहे. नाळ ज्याची, मी त्याची."

राजाचे दात वाजत होते. "आणि विस्तव?"

धूमकेश हसला, तशा दरबारातल्या समया मंदावल्या. "विस्तव नाही येणार. ह्यांना कोणी काही दिलं, तर ते ह्यांच्या हातात मरतं. ही मागून खाणारी माणसं आहेत. मागणाऱ्याला घर नसतं. हे माझे आहेत, मी नेतो."

येसाक्का खापरी घेऊन पुढे आली. पण ती राजापुढे थांबली नाही, धूमकेशापुढे थांबली नाही. ती सोनकीपुढे जाऊन उभी राहिली.

"सोनके, तुझ्या गाडग्यातली राख मी नेली होती. न विचारता. भांडी घासायची राख समजून." तिनं खापरी पुढे केली. "माझ्या चुलीवर पाणी ओतलं तरी तुझ्या राखेत हा जगला. तुझा आहे, तुला परत करतेय."

सोनकीनं तिच्याकडे पाहिलं, मग खापरीकडे पाहिलं. बाळाला खांद्यावर घेतलं, अंगणात खाली बसली, तीन दगड मांडले. राख पसरली. निखारा ठेवला. फुंकर घातली.

काटकीनं पेट घेतला.

धूमकेश ओरडला, "हे दान आहे. विझलंच पाहिजे."

"दान कसलं?" येसाक्का म्हणाली. "माणसाची वस्तू माणसाला दिली, तर त्याला दान म्हणत नाहीत. एवढं तर आमच्याकडे पोरंसोरंही जाणतात. महाराज, ही चूल तुमच्या अंगणात, तुमच्या मातीवर पेटलीय, आणि हा विस्तव कित्येक दिवस ह्याच राज्यात जळतोय. आता उठवा कोणाला उठवायचंय ते."

राजा काही बोलणार, तोच खजिन्यातून तडतड ऐकू आली. तांब्याचा हंडा उभा चिरला होता. त्यातली माणकं माणकं नव्हतीच. धूमकेशानं घराघरातून ओढून घेतलेले ते निखारे होते, रत्नांचं सोंग घेऊन गोठलेले. आपल्यातला एक घरी पोचला हे त्यांना कळलं, तसे ते जागे झाले. दार जाळून बाहेर आले आणि काजव्यांच्या थव्यासारखे अंगणावरून फिरले. कोणाला काही सांगावं लागलं नाही. प्रत्येक निखारा आपापल्या गाडग्यावर उतरला, आपापल्या राखेत शिरला. बायांनी तिथल्या तिथे दगड मांडले. अंगणभर चुली पेटल्या.

विस्तव गेल्यावर धुराचं काय उरतं? धूमकेश पातळ झाला. आधी त्याचे हात गेले, मग मिशा गेल्या, मग हुकूम देणारं तोंड. शेवटी भिंतीवर चिमूटभर काजळी राहिली.

राजा मणिकेतूच्या अंगावरची शाल गळून पडली. त्याला घाम आला होता. तो सिंहासनावरून उतरला, सोनकीच्या चुलीपाशी आला आणि त्यानं हात शेकले, जसा कोणीही शेकतो.

"पाणी म्हणालं, माती म्हणाली, विस्तव म्हणाला. मी म्हणायचा उरलो होतो," राजा म्हणाला. "तुम्ही इथले. दुसऱ्याच्या चुलीतले निखारे मी तिजोरीत ठेवले, आणि वैद्याला वात विचारत बसलो."

"झालं ते झालं," येसाक्का म्हणाली. "आता तेवढी हरभऱ्याची पोती इकडे आणायला सांगा. बारसं आहे, घुगऱ्या शिजवायच्यात. आणि धोंडाजीला पाठवा लाकडं फोडायला. त्याच्या अंगात जोर फार आहे."

त्या दिवशी राजाच्या अंगणात हंडेच्या हंडे घुगऱ्या शिजल्या. सासूनं बाळंतिणीला शेगडी दिली, ओव्याची धुरी दिली, आणि बाळ असं कडाडून रडलं की बुरुजावरचा पहारेकरी दचकला. येसाक्कानं भिंतीवरची चिमूटभर काजळी बोटावर घेतली, तुपात कालवली आणि बाळाच्या गालावर तीट लावली. एवढ्या मोठ्या मांत्रिकाचा तेवढाच उपयोग झाला.

पुढे डोंगरापलीकडचे ओढे वाहू लागले. ज्यांना परत जायचं होतं ते आपल्या पायांनी, आपल्या दिवशी, आपला विस्तव घेऊन गेले. ज्यांना राहायचं होतं ते राहिले. कोणाला कोणी हाकललं नाही, कोणाला कोणी अडवलं नाही. सोनकी राहिली. शेवटच्या घराच्या पुढे आता आणखी एक घर झालं.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी येसाक्का रिकामी खापरी घेऊन सोनकीच्या रातोरात उभारलेल्या खोपटाच्या दारात उभी राहिली. तिची चूल अजून थंड होती. सोनकीच्या छपरातून पातळ निळा धूर निघत होता, आणि तो कशाचा ते आक्काला लांबूनच कळलं होतं.

"सोनके, विस्तव देतेस का गं जरा?"

सोनकी भाकरी थापत होती. तिनं मान वर केली. "देते की, आक्का. बसा. पण माझ्या भांड्यांना हात लावायचा नाही."

ही कहाणी इथे राखेत पुरून ठेवली आहे. ज्याला थंडी वाजेल त्यानं उकरून घ्यावी, आणि शेजारी धूर दिसत नसेल तर उठून बघून यावं.